कूलर चालू असताना भीती वाटेल असा एखादा सिनेमा आहे का?

सक्करदरा साउंडवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न वरच लिहिला आहे. हसायचं ते हसा, पण आधी पूर्ण वाचा.

माझा मंडप आणि साउंडचा धंदा आहे, सक्करदऱ्यात. सध्या लग्नांचे दिवस. कार्यक्रम आटोपून, बॉक्स टेम्पोत चढवून घरी यायला रात्रीचा एक वाजतो. डोक्यात बेस धडधडून राहिलेला असतो, झोप कुठली यायला! मग वरण-भात गरम करून घेतो आणि एखादा सिनेमा लावतो. थ्रिलर, हॉरर नाहीतर मारधाड. प्रेमकथा नको. वरमाला मी रोज पाहतो.

आता नागपूरचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. रात्री एक वाजताही भिंतीला हात लावला तर गरम. हॉलच्या खिडकीत लोखंडी डेझर्ट कूलर आहे, वडिलांच्या वेळचा, मोटर दोनदा बदललेली. यंदा वाळ्याच्या नवीन ताट्या टाकल्या. हवा एक नंबर, पण आवाज असा की शेजाऱ्याला वाटावं आमच्याकडे पिठाची गिरणी सुरू झाली. तो बंद करायची घरात कोणाची टाप नाही. माझीही नाही.

तर या कूलरनं माझ्या बऱ्याच आवडत्या सिनेमांचं पितळ उघडं पाडलं.

हॉररमध्ये काय होते बघा. बाई अंधारात जिना चढून राहिली. पाय दिसतात, मेणबत्ती दिसते. आवाज असेल काहीतरी, पण तो कूलरनं खाल्ला. मी रिमोट दाबतो. पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. तेवढ्यात धाड! कपाटावरून मांजर उडी मारते. आतून आई ओरडते, "काय पडलं रे?" मी दचकलो हे खरं. पण भ्यालो का? नाही. सुतळी बॉम्ब पाठीमागे फोडला तर पहिलवानही दचकतो, म्हणून तो भित्रा होत नाही.

आणि ही युक्ती मी स्वतः करतो हो. मिक्सरवर दोन बोटांचं काम आहे. संगीत चार सेकंद पार खाली आणायचं, लोक माना वळवतात, मग एकदम फेडर, म्हणजे आवाजाची सरकती पट्टी, वर. नवरदेवाच्या एन्ट्रीला रोज करतो. नवरदेवाला अजून तरी कोणी भ्यालेलं पाहिलं नाही. (नवरीचं सांगता येत नाही.)

टीव्हीचाही दोष आहे, सगळं खापर दिग्दर्शकावर फोडत नाही. थिएटरात संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. पडद्याला बारीक भोकं असतात, कधी जवळ जाऊन पाहा. आणि थिएटरातल्या आवाजाच्या ज्या मांडणीला ५.१ म्हणतात त्यातला शेवटचा एक म्हणजे बेसचा वेगळा रस्ता, साधारण १२० हर्ट्झच्या खालच्या आवाजाचा. पोटात जी गुरगुर जाणवते ती तिथली. घरी हे सगळं टीव्हीच्या दोन चपट्या स्पीकरमध्ये कोंबलं की गुरगुर गळून जाते, धाड तेवढी उरते.

माझ्या कूलरपुढे टिकलेला हॉरर एकच, 'तुंबाड'. १२ ऑक्टोबर २०१८ ला आला तेव्हा आमची नवरात्राची कामं सुरू होती, राहून गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये परत लागला तेव्हा थिएटरात पाहिला, आणि आता घरी. त्यात पाऊस काही केल्या थांबत नाही. वाडा ओला, माती ओली, माणसं ओली. इथे ओल्या वाळ्याचा वास येऊन राहिला, कूलरची झड अंगावर, आणि कूलरचा आवाज चक्क त्या पावसात मिसळून गेला. आजी झोपलेली, पोरगा ताट घेऊन एकटा तिच्यासमोर. कोणी ओरडलं नाही, काही पडलं नाही. माझा वरणाचा घास तसाच हातात राहिला.

थ्रिलरबद्दल माझं मत कडक आहे. शेवटच्या दहा मिनिटांत "खुनी हा नव्हे, तो" असं सांगायचं आणि त्यासाठी दोन तास प्रेक्षकापासून दडवादडवी करायची, हा बाहीत पान लपवून पत्ते खेळण्याचा प्रकार झाला. 'दृश्यम' घ्या. २०१३ चा मल्याळम आणि निशिकांत कामतांचा २०१५ चा हिंदी, दोन्ही पाहिले. कोणी मारलं, का मारलं, सगळं आपल्याला आधीच ठाऊक. तरी चौकशीच्या वेळी पोटात गोळा येतो. संवाद कूलरमध्ये गेले तरी धाकट्या पोरीच्या चेहऱ्यावर सगळं आहे. दुसऱ्यांदा पाहताना जास्त भीती वाटली, कारण आता ती कधी फुटणार ते माहीत होतं.

मारधाडीचं तर बोलायलाच नको. पूर्वी ढिशूम होतं. हास्यास्पद होतं, पण त्यात हात दिसत होता. आता एक बुक्की मारली की गिट्टीचा टिप्पर रिकामा केल्यासारखा आवाज. हिरो चालला तरी टिप्पर, वळला तरी टिप्पर, चष्मा घातला तरी टिप्पर. आवाज कूलरनं झाकला की उरते काय? कॅमेरा थरथरतो आणि माणसं उडतात. कोणी कोणाला मारलं ते देव जाणे.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणतो, "मामा, तुझे कान गेले डीजे वाजवून." शक्य आहे. पण तो सिनेमा मोबाइलवर पाहतो, आणि दर पाच मिनिटांनी मेसेज वाचतो. अशा माणसाला कान गेले म्हणायचा काय अधिकार?

तर सांगा. कूलर फुल स्पीडवर, टीव्ही साधा, घरचे झोपलेले. तरी भीती वाटली पाहिजे, आणि दुसऱ्यांदा पाहतानाही वाटली पाहिजे. आहे का असा?

हिंगणा टी पॉइंट

भाऊ, कूलर बंद कर ना. एवढं लंबंचौडं कायले लिहिलं?

मस्करी सोड. मी मारधाडीचं सांगतो. मांगच्या दिवाळीत पुण्याहून ट्रॅव्हल्सनं येऊन राहिलो होतो. इअरफोन रूमवरच राहून गेला. समोरच्या सीटवरचा पोट्टा मोबाइलवर 'किल' पाहून राहिला होता, २०२४ चा, निखिल नागेश भटचा, रेल्वेतला. मले दोन सीटच्या फटीतून तेवढा पडदा दिसे. आवाज झिरो. तरी नगर सुटल्यापासून पार संभाजीनगर येईपर्यंत मान वाकडी करून पाह्यला. दुसऱ्या दिवशी मान हलत नव्हती, आईनं शेकली.

काहून पाह्यला? डब्याची गल्ली एवढीशी. कोण कुठं उभा आहे, कोण कोणत्या बर्थच्या मांगं आहे, दार कोणीकडं, समदं दिसते. हिरोले हात फिरवायले जागा नाही, म्हणून जे हाती लागलं त्यानं हाणते. हाणलेला माणूस तिथंच पडून राहते, बाकीच्यायले त्याच्या अंगावरून जा लागते. तुया टिप्परवाल्या सिनेमात मैदान एवढं मोठं असते का गुंड कुठून आले अन् कुठं गेले, पत्ता नाही.

फक्त वरण-भात खाताना पाहू नको. बोलतो ते समज.

सक्करदरा साउंडवाला

टी पॉइंट भाऊ, लाख बोललास. म्हणूनच २०११ चा तो इंडोनेशियाचा 'द रेड' मला पाठ आहे. एक इमारत, वर चढायचं, बस. भाषा कळत नाही तरी कोणत्या मजल्यावर आहोत ते कळते. आणि 'जॉन विक'वाला चॅड स्टाहेल्स्की, तो 'मेट्रिक्स'मध्ये किआनू रीव्ह्जचा स्टंट डबल होता. ज्यानं स्वतः मार खाल्ला आहे तो कॅमेरा हलवून मार लपवत नाही, लांबून पूर्ण माणूस दाखवतो.

'किल' पाहतो. जेवून.

मिठाचा खडा

तुमची कसोटीच मला मान्य नाही. आवाज काढून टाकायचा आणि सिनेमा भीतिदायक आहे का ते बघायचं, म्हणजे सावजी रस्सा बिनमिठाचा चाखून "दम नाही बुवा" म्हणण्यासारखं आहे.

'सायको'चं उदाहरण देतो, १९६० चा. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला हिचकॉकला संगीत नकोच होतं. नुसतं पाणी आणि किंकाळी ठेवायची, असा त्याचा विचार. बर्नार्ड हरमननं तरीही त्या प्रसंगासाठी संगीत लिहिलं, तेही फक्त तंतुवाद्यांवर. ना ढोल, ना पितळी वाद्यं. ते ऐकल्यावर हिचकॉकनं मत बदललं. म्हणजे तुमच्या बाजूनं विचार करणारा मोठ्यात मोठा माणूससुद्धा हरला. आज तो प्रसंग आठवायला सांगितला तर लोक हातानं चाकू मारल्याची नक्कल करतात आणि तोंडानं व्हायोलिन काढतात.

आणि एक राहिलं. "मांजर उडी मारते" हे तुम्ही चाळीस वर्षांपूर्वीचं सांगून राहिले. आता मांजरीच्या जागी आरसा असतो. कपाटाचं दार बंद केलं की मागे कोणीतरी उभं.

सक्करदरा साउंडवाला

आरसा, मान्य. आमच्या न्हाणीघरातला आरसा मी त्याच कारणानं दाराआड लावला आहे, हे घरी कोणाला ठाऊक नाही.

मिठाचंही मान्य. माझी तक्रार मिठावर नाही, डबा उलथा करण्यावर आहे. पण तुमच्या व्हायोलिननं विचारात पाडलं. ती कूलरमधूनही ऐकू येतात. का येतात ते सांगतो नंतर, आज हळदीचं काम आहे.

रात्रपाळी

दादा, मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण राहवलं नाही.

मी लेबर रूममध्ये आहे, सोळा वर्षं झाली. हॉररला भीत नाही असं सगळ्यांना सांगते. 'लपाछपी' पाहताना मात्र वाट लागली. २०१७ चा मराठी, विशाल फुरियांचा. त्यांनीच पुढे तो हिंदीत 'छोरी' म्हणून केला, २०२१ ला, पण तुम्ही आधी मराठीच बघा. त्यात भर दुपार आहे. लख्ख ऊन आणि चारी बाजूंनी ऊस. ऊन पाहून सुटल्यासारखं वाटायला हवं ना, उलट जीव घाबरा होतो. कुठंही पळा, ऊसच.

आणि ती पूजा सावंत त्यात आठवा महिना लागलेली दाखवली आहे. तुम्ही भूत कधी येते म्हणून बसले असाल. माझं आपलं वेगळंच सुरू. ही किती वेळ उभी आहे? पाय सुजले का? हिचं बीपी कोणी पाहिलं का? इथून दवाखाना किती लांब? भूत यायच्या आधीच मला घाम फुटला होता. बाजूला आमचे हे शांतपणे चिवडा खाऊन राहिले होते.

बाकीच्या सिनेमांचं एक सांगू? भूत म्हणजे मोकळे केस, पांढरी साडी, पायात पैंजण. मेल्यावरही बाईनं नटूनच यायचं. आणि तिला मारलं कोणी, तर घरातल्यांनीच. ते शेवटी पाच मिनिटांत सांगून टाकतात, कारण तोवर मांत्रिकाची एन्ट्री झालेली असते. तुमच्या नवरदेवासारखी.

आवाजाचं म्हणाल तर आमच्या कामात बाळ जन्मलं आणि लगेच रडलं नाही की जे काही सेकंद जातात, ते एकदा ऐकून बघा. सगळ्यांचे हात चालू असतात आणि तोंडं बंद. आमच्या खोलीबाहेर पॅसेजमध्येही असाच गिरणीसारखा कूलर आहे. त्या वेळी तो चालू असतो की बंद, मला आजवर सांगता आलेलं नाही.

हिंगणा टी पॉइंट

ताई, आता मी 'लपाछपी' पाहू का नको पाहू?

रात्रपाळी

बघा. जेवून बघा.

जुना बर्डीकर

वाचून मजा आली. वय वर्षं एकाहत्तर, तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

साउंडवाले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर फार जुनं आहे. आमच्या वेळी नागपुरात बर्डीवरच्या टॉकीजांवर मोठ्या अक्षरांत 'एअर कूल्ड' लिहिलेलं असे. ते कूल्ड म्हणजे काय, तर भिंतीत बसवलेले हत्तीएवढे कूलर. तुमच्या हॉलमधल्या गिरणीच्या दसपट. शिवाय वर पंखे, खाली शेंगदाण्याची टरफलं, मध्ये रडणारी पोरं. या सगळ्यातून सिनेमा ऐकायचा. तुमची कसोटी आम्ही दर रविवारी देत होतो.

थ्रिलर म्हणाल तर बी. आर. चोप्रांचा 'कानून' १९६० चा आणि यश चोप्रांचा 'इत्तफाक' १९६९ चा. दोन्हींत एकही गाणं नाही. त्या काळी गाणं नसणं म्हणजे पब्लिकला चहा-बिडीला बाहेर जायची सोयच नाही. लोक चुळबुळत बसायचे आणि त्या चुळबुळीतच निम्मा थरार असायचा. पण तुम्हाला हवी ती भीती मला सापडली 'शोले'त. हसू नका. तो डाकूंचा सिनेमा म्हणून सगळे गब्बरचे डायलॉग म्हणत बसतात. ठाकूरच्या घरच्यांना मारतात तो प्रसंग आठवा. माणसं अंगणात पडलेली. वारा. आणि रिकामा झोपाळा करकरतो. मोठं संगीत वगैरे काही नाही. मग घरातला लहान पोरगा बाहेर येतो. गब्बर बंदूक उचलतो, बार होतो, आणि पडद्यावर एकदम रेल्वे. पोराला काय झालं ते दाखवलेलंच नाही.

मी कॉलेजात होतो. सोबत आमच्या मेसमधले चौघे. आमच्यापुढे एक खेड्यावरचे गृहस्थ बसले होते, धोतर, टोपी. सिनेमाभर शिट्ट्या मारून राहिले होते. झोपाळ्याची करकर सुरू झाली तशी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कोणाच्या मयतीला बसल्यासारखी. ती टोपी माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेली नाही.

तुम्ही साउंडचा धंदा करता म्हणून विचारतो, मंगेश देसाई हे नाव ऐकलं आहे का? 'शोले'चं री-रेकॉर्डिंग, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र बसवायचं काम, त्यांचं. एवढ्या मोठ्या ७० मिलिमीटरच्या सिनेमात, जिथे घोडे, गोळ्या, आगगाड्या सगळं हाताशी होतं, तिथे त्या जागी झोपाळा ठेवायचा आणि बाकी सगळं खाली घ्यायचं. फेडर वर करायला दोन बोटं लागतात म्हणालात ना? खाली ठेवायला काय लागते, ते तुम्हीच सांगा.

सक्करदरा साउंडवाला

काका, नमस्कार. नाव ऐकलेलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. बावीस वर्षं या धंद्यात आहे आणि मला परदेशी कंपन्यांच्या अँप्लिफायरची नावं तोंडपाठ आहेत.

काल रात्री पाहिला. तोच प्रसंग, चार वेळा.

आधी कूलर फुल स्पीडवर. टीव्ही पंचवीसवरच ठेवला, मुद्दाम. घोड्यांच्या टापा गेल्या, संवाद अर्धे गेले. करकर आली. स्पष्ट आली. मग डोक्यात प्रकाश पडला. कूलरचा आवाज जाड असतो, पसरलेला, त्याचा जोर खालच्या पट्टीत. करकर बारीक आणि टोकदार. वरातीत पन्नास ढोल-ताशे वाजत असले तरी सनई बाहेर निघून येते की नाही? तसंच. हरमनच्या व्हायोलिनचंही तेच, मिठाचे खडे साहेब. जाडाला जाड लावून काही होत नाही, नुसता चिखल होतो. टिप्परवाल्यांना कोणीतरी हे सांगायला पाहिजे. मलाही कोणीतरी सांगायला पाहिजे होतं, कारण नवरदेवाच्या एन्ट्रीला मी बेसच वाढवत आलो.

मग चौथ्या वेळी म्हटलं, होऊन जाऊ दे. उठलो आणि कूलर बंद केला.

पंखा हळूहळू थांबला. ताट्यांमधलं पाणी टाकीत पडून राहिलं होतं, टप, टप. ते इतकी वर्षं ऐकलंच नव्हतं. आईच्या खोलीतून तिचा श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात पडद्यावर वारा सुटला, तोही ऐकू आला, त्याच्यात एक बारीक शीळ आहे. झोपाळा सुरू झाला. करकर आली आणि मधे थांबली. मला पुढची करकर यायची वाट पाहावी लागली. कूलरमध्ये ही वाट पाहणं कळलंच नव्हतं. मी पाठीमागे वळून पाहिलं, काका. मागे फक्त ट्रायपॉड आणि केबलचं बंडल ठेवलं होतं.

पोरगा दारात आला आणि आमच्या हॉलचं दार वाजलं. एका उडीत उभा झालो.

बायको होती. कपाळावर घाम, केस मोकळे. "लाइट गेली काय?"

म्हटलं, नाही.

"मग कूलर काहून बंद केला?"

चालू करून दिला. ताई, 'लपाछपी' पुढच्या आठवड्यात पाहतो, दुपारी, भाचा घरी असताना.